आज ड्यूटी कोणाची?

दार उघडलं की ती आधी तळहात पुढे करायची. "फोन." बस, एवढंच. आपण फोन तिच्या हातावर ठेवायचा, ती तो हॉटेलच्या नाश्त्याच्या ट्रेमध्ये इतर फोनांशेजारी मांडणार आणि मग विचारणार, "काल नीट जेवलीस का?"

शनिवारी सकाळी दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या तिच्या फ्लॅटवर आम्ही पाचसहा जणी जमायचो. प्रत्येकीच्या घरी डायबेटिस असलेलं एकेक वाढत्या वयाचं मूल. मुलांच्या दंडावर सेन्सर आणि त्यांच्या शुगरचा आकडा चोवीस तास आयांच्या फोनवर. अशी एखादी आई तुम्हीही पाहिली असेल. जेवताना, मीटिंगमध्ये, लिफ्टमध्ये तिचं लक्ष फोनकडे. लोकांना वाटतं, हिला सोशल मीडियाचं व्यसन आहे.

तिची पद्धत सोपी होती. एकीने ट्रेपाशी बसून सगळ्यांच्या मुलांवर लक्ष ठेवायचं, बाकीच्यांनी फोनशिवाय तळ्याभोवती चालून यायचं. ती मूळची वसईची, इथे एका हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर. "आख्खं हॉटेल कोणी एकटी जागून चालवते का? शिफ्ट लावतात. मग आईलाच शिफ्ट का नाही?" चालताना शुगर, इन्सुलिन आणि डॉक्टर या विषयांना बंदी. जी बोलेल, तिच्याकडे पुढच्या शनिवारची ड्यूटी. सुरुवातीचा महिनाभर ड्यूटी माझ्याचकडे होती.

आमची ओळख सुपरमार्केटच्या रांगेत झाली. शुगर खाली गेल्याचा अलार्म वाजला. मी पर्समध्ये हात घातला आणि माझ्या पुढच्या बाईनेही घातला. दोघींनी आपापले फोन बघितले.

"माझा नाही. तुझा," ती म्हणाली.

मी मुलाला फोन लावून ज्यूस प्यायला लावला. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "त्याचं कळलं. तू कशी आहेस?" मी परत त्याचाच आकडा बघू लागले. घाईतला मागचा माणूस "यल्ला, यल्ला" करू लागला. "हबीबी, दोन मिनिटं," असं त्याला सांगून ती माझं सामान काउंटरवर ठेवू लागली.

तिची स्वतःची मुलगी नऊ वर्षांची असल्यापासून इन्सुलिनवर. त्याबद्दल ती फारसं बोलायची नाही, पण ऐकायची बारकाईने. आमच्यातली एक जण ऑफिसातून आली की आधी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडायची, मग वर घरी जायची. हे तिने एकदा हसत हसत सांगितलं. आम्हीही हसलो. ही वसईची मात्र हसली नाही.

"मंगळवारी मी कौन्सेलरकडे जाते. तू चल माझ्याबरोबर."

"अगं, मला काही झालेलं नाही."

"गाडीचं सर्व्हिसिंग काय बंद पडल्यावर करतेस?"

मंगळवारी हिने आपली वेळ तिला दिली आणि स्वतः बाहेर मासिकं चाळत बसली.

मी रडणाऱ्यांतली नाही, भांडणाऱ्यांतली. पंधरा वर्षांचा मुलगा शाळेतून आला की माझं पहिलं वाक्य असायचं, "किती आहे?" एकदा तो दारातच थांबला. "आई, से हाय फर्स्ट. आय ॲम नॉट अ बॅटरी."

मग रास अल खैमाच्या डोंगरातला शाळेचा कॅम्प आला. निघायच्या आदल्या दिवशी पठ्ठ्याने शेअरिंग बंद केलं. माझ्या स्क्रीनवर आकड्याच्या जागी नुसती रेघ. नर्स सोबत असणार आहे, सरांना माहीत आहे, त्याचं म्हणणं एवढंच, "जस्ट लेट मी बी नॉर्मल." मी म्हटलं, मग कॅम्प रद्द. त्याने खोलीचं दार लावून घेतलं. पाठवावं तर माझा जीव टांगणीला, न पाठवावं तर हे दार बरेच दिवस उघडणार नाही, हे मला दिसत होतं.

मी तिला बोलावून घेतलं आणि माझा बेत सांगितला: कॅम्पजवळ हॉटेल घेऊन गुपचूप राहायचं.

"रेट मी कमी करून देते," ती म्हणाली. "पण त्याला सांगून जा."

ते मला जमणारं नव्हतं. मग तिनेच जाऊन त्याचं दार वाजवलं. "बाबू, आईला नको देऊस. मला दे. मी फोन करणार नाही, किती आहे विचारणार नाही. शुगर फारच खाली गेली तर नर्सला कळवीन. बस, खलास."

"प्रॉमिस, आंटी?"

"हॉटेलवाली आहे मी. गेस्टला उगीच त्रास देत नाही."

दार उघडलं. तो कॅम्पला गेला. मी तिला तासातासाला मेसेज करत होते, "कसा आहे?" तिचं उत्तर दर वेळी तेच: "जेवलीस का?" शेवटी वैतागून मी जेवले. मग झोपही लागली.

तो परत आला तो उन्हाने रापलेला, एक बूट कुठेतरी हरवून. मी दारात म्हटलं, "हाय." तो बघतच राहिला. जेवताना त्याने न सांगता शेअरिंग परत सुरू केलं. यादीतून आंटीचं नाव मात्र काढलं नाही, तिलाही आकडा दिसत राहिला.

पुढे तिच्या नवऱ्याचं इथलं काम संपलं आणि ती वसईला परत गेली. जाताना ट्रे माझ्या हातात दिला, भाषण वगैरे काही नाही. आता शनिवारी सगळ्या माझ्याकडे जमतात.

परवा ऑफिसात नुकताच चहा समोर आला आणि शुगर खाली गेल्याचा अलार्म वाजला. शाळेची वेळ. मी नर्सचा नंबर काढत होते, तेवढ्यात वसईहून मेसेज आला. "बघतेय. आज ड्यूटी माझी. तू चहा पी."

मी फोन उपडा ठेवला. थोड्या वेळाने सरळ केला, तेव्हा आकड्याशेजारचा बाण वर वळला होता, शुगर परत चढत होती. कप रिकामा होता. चहा गरम असतानाच संपला होता.