दार उचलून ढकलणारा पाहुणा

बेटावर तिला सगळे पहारेकरीण म्हणत, आणि म्हणणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. होडी धक्क्याला लागली की बाई हातातलं काम टाकून तिथे हजर. उतरणाऱ्या प्रत्येकाला नखशिखांत न्याहाळल्याशिवाय सोडायची नाही.

कारण साधं होतं. ती राहत होती ते घर तिचं नव्हतं. दिव्याचा मनोरा बंद पडला तशी बेटावरची निम्मी माणसं पोटासाठी पलीकडच्या किनाऱ्याला गेली. जाताना किल्ली शेजाऱ्याला द्यायची, त्याने घर नांदतं ठेवायचं आणि मालक परतला की निमूट बाहेर पडायचं, ही इथली रीत. लिहून काही नाही, नुसता शब्द. तिच्या सासऱ्यांना मनोऱ्यावरच्या दिवेवाल्याने किल्ली दिली होती. तो काही परतला नाही. पण त्याला मुलंबाळं असतीलच की! तिने त्या घरात संसार केला, कौलं बदलली, वरची खोली पाहुण्यांना द्यायला लागली. मालक येईल ही धास्ती मात्र गेली नाही.

त्या आठवड्यातला पाहुणा तर पहिल्यापासून तिच्या डोळ्यांत खुपला. मेला भिंतींवरून हात काय फिरवत होता!

"काय शांतता आहे हो इथे, मावशी!"

"माणसं निघून गेली की शांतता उरतेच. चहा घ्या, गार होतोय."

"हे घर कुणी बांधलं?"

"गवंड्याने."

होडी चालवणारा तिचा नवरा हसला. "अगं, त्यांना बेटाचा इतिहास लिहायचाय. जरा गोड बोल."

"तुम्हाला काय, कुणीही शेंडी लावावी!"

दुसऱ्या दिवशी तर कळसच झाला. मागचं दार खाऱ्या हवेने फुगलेलं. नवखा माणूस धक्के देत बसतो. घरचा माणूस कडी धरून दार जरा उचलतो आणि मग ढकलतो. पाहुणा फिरून आला, त्याने दार उचललं, ढकललं आणि सरळ आत!

दिवेवाल्याचा नातूच हा. दुसरं कोण? तिने फळीवरच्या डब्यातून किल्ली काढली आणि त्याच्यापुढे आदळली.

"घ्या! सरळ मागायची होती, एवढी नाटकं कशाला?"

"ही कसली किल्ली?"

"दार उचलायला आजोबांनीच शिकवलं ना तुम्हाला?"

"नाही हो, तुमच्या यजमानांनी. म्हणाले, धक्के मारलेत तर म्हातारी घर डोक्यावर घेईल."

यजमानांना तेवढ्यात होडीचं काहीतरी आठवलं आणि ते बाहेर सटकले. आता लपवण्यासारखं उरलं काय? तिने सगळं सांगून टाकलं.

"हे लिहू का, मावशी?" पाहुण्याने विचारलं. "पण छापून आलं तर दिवेवाल्याच्या घरच्यांच्याही कानावर जाईल."

तिने खिडकीतून रिकाम्या धक्क्याकडे पाहिलं.

"लिहा. होडीवर नजर ठेवून ठेवून डोळे गेले माझे. यायचा तो येऊ दे एकदाचा. कौलं आम्ही बदलली, तेही लिहा." तिने किल्ली पुन्हा डब्यात टाकली. "दाराचं मात्र अवाक्षर नको. उद्या मालक म्हणून कुणीही उभा राहील. बघू दे मला, न सांगता कोण उचलतो ते!"