वकीलबाईंनी मागितलेली तारीख

रोहास शहरात कोर्टामागच्या गल्लीत, पाववाल्याच्या दुकानावरच्या एका खोलीत लिओनिला पाल्मारेस यांची वकिली चालायची. ना भागीदार, ना मदतनीस. टायपिंगपासून न्यायाधीशांपुढे उभं राहण्यापर्यंत सगळं त्यांच्याच अंगावर. घेणार फक्त नवरा-बायकोचे, घरातले दावे. आमच्या देशात घटस्फोटाचा कायदाच नाही. लग्न मुळातच झालं नव्हतं, असं कोर्टाकडून वदवून घ्यावं लागतं, आणि त्यात माणसाचं अर्धं आयुष्य जातं.

हेच काम का, असं कुणी विचारलं की त्या विषय बदलायच्या. त्यांचे वडील बोटीवर कामाला होते. एकदा गेले ते मनिलात दुसरं घर थाटून राहिले. आई मात्र मरेपर्यंत त्यांचीच बायको. जमिनीचा तुकडा विकायचा तरी नवऱ्याची सही हवी. ती आणायला बारा वर्षांची लिओनिला मावशीबरोबर बोटीने मनिलाला गेली, तेव्हा वडिलांच्या दारात उभ्या असलेल्या एका लहान मुलीने तिला विचारलं होतं, "तू कोण?"

एर्लिंडा त्यांच्याकडे आली तेव्हा नवऱ्याने टाकून तिला चौदा वर्षं झाली होती. ती बाजारात कालवं विकायची. दोमिनादोर खाडीत बांबू रोवून कालवं वाढवायचा, आणि दोघं कधीचीच एका घरात राहत होती. तिला त्याच्याशी रीतसर लग्न करायचं होतं, बाकी काही नको होतं. "म्हातारपणी नवरी होऊन मिरवायचंय मला," ती म्हणायची, आणि दोमिनादोर लाजून खिडकीबाहेर बघायचा.

दावा सहा वर्षं चालला. न्यायाधीश दोनदा बदलले, एका वादळात कोर्टाचं छप्पर उडालं. अखेर शेवटच्या साक्षीची तारीख लागली, आणि नेमका त्याच आठवड्यात वकीलबाईंना डेंग्यू झाला. त्यांच्या जागी उभं राहायला कुणी नव्हतं. अंथरुणातूनच त्यांनी मुदत मागितली. तीन महिने पुढची तारीख मिळाली.

दुसऱ्या महिन्यात एर्लिंडा बाजारात बसल्या जागी कोसळली. डोक्यात रक्तस्राव झाला होता. दुपारपर्यंत संपली.

रुग्णालयाने मृतदेह दोमिनादोरच्या ताब्यात दिला नाही. कागदोपत्री नवरा नेस्टर होता. शेजारच्या पानाय गावाहून तो आपल्या आईला घेऊन आला. वकीलबाई त्याच्यासमोर बसून तासभर बोलल्या. कायदा त्याच्या बाजूने आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्या कायद्याचं बोलल्याच नाहीत, नुसती विनवणी केली. वीस वर्षं तुम्ही तिची साधी विचारपूस केली नाहीत, असंही म्हणाल्या.

"लग्न मोडलं नव्हतं ना?" नेस्टर म्हणाला. आवाजात मग्रुरी नव्हती. त्याने आईकडे पाहिलं. "आईची इच्छा आहे, सुनेला आमच्या घराण्याच्या कबरीतच ठेवायचं."

एर्लिंडाला पानायला पुरलं, नेस्टरच्या वडिलांशेजारी. दोमिनादोर दफनभूमीच्या कुंपणाबाहेर उभा राहिला. आत चला, तुम्हाला कोण अडवतंय, असं वकीलबाईंनी दोनदा सांगितलं. तो हलला नाही.

पुढे कोर्टाचा आदेश आला: अर्जदार मयत, सबब दावा बंद. तो घेऊन वकीलबाई स्वतः खाडीवर गेल्या. दोमिनादोर बांबूंवरची कालवं खरवडत होता. त्यांनी त्याला सगळं सांगितलं. तारीख मीच पुढे ढकलली, नाहीतर कदाचित निकाल लागलाही असता, हेसुद्धा.

"ताप काय सांगून येतो, वकीलबाई?" तो म्हणाला. मग ओले हात पँटला पुसून त्याने कागद घेतला आणि बराच वेळ न्याहाळला. "यात माझं नाव कुठं आहे?"

"नाहीये, दादा."

"कुठंच नाही?"

"दावा तिचा आणि नेस्टरचा होता."

त्याने कागदाची नीट घडी घालून तो परत केला.

लिओनिलांनी त्यानंतर दुसऱ्या गल्लीतल्या एका तरुण वकिलाशी बोलणी केली: आजारपणात त्याने त्यांच्या तारखांना उभं राहायचं, त्यांनी त्याच्या. नोव्हेंबरात, घरोघरचे लोक आपल्या मृतांच्या कबरींवर जातात त्या दिवशी, त्या दोमिनादोरला गाडीतून पानायला घेऊन गेल्या. नेस्टरच्या घरचे मेणबत्त्या लावून निघून जाईपर्यंत दोघं गाडीतच बसून राहिली. मग तो एकटा आत गेला.