गालावरची जागा

तहसील कचेरीबाहेर बसून मी असंख्यांचे अर्ज लिहिले. परंतु आठ वर्षांच्या सुमनचा चेहरा पाहून माझी लेखणी थबकली. उरलेल्या लेझर उपचारांसाठी मदतीचा अर्ज लिहून घेण्यास आई तिला घेऊन आली होती. गालावरचा भाजल्याचा व्रण पुसट होऊन ती हुबेहूब तिच्या मृत जुळ्या बहिणीसारखी दिसू लागली होती; त्या बहिणीला मी पूर्वी आईसोबत पाहिले होते.

“कुसुम, पाणी पी गं,” आई तिला म्हणाली.

“आई, मी सुमन! कुसुम गेली ना?”

ज्याला आपण वैगुण्य म्हणून पुसतो, त्याच्याच आडोशाने कित्येकदा जिवंत माणूस मृतांपासून निराळा उभा असतो.

मुलीने अंगठे उठवण्यासाठी ठेवलेल्या माझ्या शाईत बोट बुडवून गालावर जुन्या व्रणाच्या जागी लावले. “आता बघ.”

आई दचकली. “सुमे, तू कधी आलीस? कुसुम आत्ता इथंच होती.”