चाकाखालचं लिंबू

बाळकुमच्या आमच्या सोसायटीत, पार्किंगमध्येच, बाबांनी आणि मी जीपला विंच बसवली, म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारी मोटर. बाबांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला, त्यामुळे वायरिंगला ते मला हात लावू देईनात. बॅटरीचा नट त्यांनी तीनदा सोडून परत आवळला, तेव्हा मी वैतागलेलो.

आईने चाकाखाली लिंबू ठेवलं. दोर समोरच्या आंब्याला अडकवून मी रिमोट दाबला. इंजिन बंद, आत कोणी नाही, आणि बोटाएवढ्या दोरावर अख्खी जीप हलली. लिंबू फुटलं. आईने रिकाम्या सीटला हात जोडले.

बाबांनी आयुष्यभर माणसं अशीच दोरावर तोलली होती. नट चौथ्यांदा आवळायला पाना मीच त्यांच्या हातात दिला.