सव्वासात किलो

समोरच्या अंगणवाडीत आज बाळांची वजनं होती. काट्याच्या झोळीत एक गुटगुटीत पोर पाय झाडत होतं. ताई आकडा सांगणार तोच त्याची आई म्हणाली, "हळू सांगा हो, दृष्ट लागते."

मी खिडकीत हसले. माझ्या नातवाचा आकडा तर समुद्रापलीकडून, फोनवर मोठ्यानं येतो. "आई, सव्वासात किलो झाला बघ!" लेक काल म्हणाला. सातवा महिना सरला, पण मी अजून त्याला हातात घेतलेलं नाही. सव्वासात किलो म्हणजे केवढं, हे हातांना कसं कळावं?

म्हणून वाण्याला म्हटलं, तेवढीच ज्वारी बांध.

"आजी, एकट्या माणसाला एवढी?"

"तू बांध रे. पाहुणा आहे."

घरी येऊन पिशवी मांडीवर घेतली. जड लागली, तेवढंच बरं वाटलं. नकळत थोपटायलाही लागले. मग खांद्यावर घेतली, तर ज्वारी एका बाजूला कलली आणि माझा हात सवयीनं मान सावरायला वर गेला.

वेडी कुठली मी! सात महिन्यांचं पोर मान केव्हाच धरतं. ती सावरायचे दिवस कधीच सरले.