शेजारच्या ताऱ्याची धूळ

रेवा आणि अन्वय,

उषाआजी गेल्याचं तुम्हाला फोनवर सांगितलं, तेव्हा रेवाने विचारलं होतं, "ती नक्की काय शोधायची गं?" मी म्हणाले, तारे. उत्तर चूक नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं. आता तिचं केडगावचं घर आवरून झालं आहे आणि मला सवड आहे, म्हणून नीट लिहिते. वर्तमानपत्राच्या पुरवणीलाही हेच पाठवते आहे, कारण नगरमध्ये तिला रोज भेटणाऱ्यांनाही यातलं फारसं ठाऊक नाही.

उषा माझी धाकटी बहीण. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत तिने नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर माझ्या घराशेजारी राहायला आली. तिचा विषय होता मध्येच भडकणारे तरुण तारे. तारा जन्मतो तेव्हा त्याच्याभोवती वायू आणि धुळीची चपटी तबकडी फिरत असते. त्यातलं थोडं थोडं ताऱ्यावर पडत राहतं आणि तारा वाढतो. काही ठिकाणी मात्र ते आधी साठत जातं आणि मग एकदम कोसळतं. तारा काही महिन्यांत कित्येक पटींनी उजळतो आणि पुढे वर्षानुवर्षं तसाच राहतो. मृग नक्षत्राच्या बाजूला असलेल्या अशा एका ताऱ्याभोवतीची धूळ उषाने तरुणपणी मोजली होती. धूळ खूप निघाली. एवढा साठा आहे म्हणूनच तारा भडकला, असं तिने मांडलं आणि ते मान्य झालं. तिच्या नावावर कामं बरीच होती, पण लोक तिला ओळखायचे ते याच एका कामामुळे.

गेल्या हिवाळ्यात तिचं हृदय थकत चाललं होतं. तेव्हा तिची जुनी विद्यार्थिनी कविता नव्या दुर्बिणींनी घेतलेलं त्याच ताऱ्याचं चित्र घेऊन आली. जुन्या उपकरणांना जो एक ठिपका दिसायचा, तिथे दोन तारे होते. भडकलेला तारा आणि त्याला लागून एक मंद तारा. आणि ती जवळजवळ सगळी धूळ त्या मंद ताऱ्याभोवती होती. भडकलेल्याची तबकडी अगदीच लहान निघाली. कविता म्हणाली, "मॅडम, आम्ही लेखात तळटीप देतो. तुम्ही त्रास घेऊ नका." उषाने चित्र जवळ घेऊन दोन्ही तारे नीट बघितले. मग म्हणाली, "तळटीप नको. माझं मी लिहीन... तेवढे दिवस राहिले तर."

तिचे हात थरथरायचे, म्हणून टाइप करायला मी बसायची. मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, त्यामुळे वाक्य गुळगुळीत करायची सवय. 'पूर्वीच्या निष्कर्षाचा फेरविचार करावा लागण्याची शक्यता आहे' अशा अर्थाचं काहीतरी मी लिहिलं. ते ऐकून उषा चिडलीच.

"ताई, शक्यता कसली? चुकलंय ते. माझा निष्कर्ष चुकीचा होता, असं लिही."

"अगं, इतकं उघडं कोणी लिहीत नाही."

"मग मी लिहिते. आण इकडे."

तेवढ्यात सोनईहून आमचे चुलतभाऊ दादा आले. तिची खबर घ्यायला यायचे ते दर आठवड्याला, पिशवीत मेथी नाहीतर वांगी घेऊन. आम्हा दोघींचे चेहरे पाहून त्यांनी विचारलं, "काय गं, कशावरनं जुंपली?" उषाने त्यांना सगळं समजावून सांगितलं. दादांनी ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "मंजी मोजनी बराबर हाय, गट नंबर चुकला. आमच्याकडं जमिनीच्या मोजनीत तर दर साली हुतं. पर उषे, तुजं बरंय, हितं कुणी कुऱ्हाड घिऊन बांदावर येत न्हाई."

"तिथं बांधच दिसला नव्हता दादा, तीच तर गंमत," उषा म्हणाली आणि इतकी हसली की तिला धाप लागली. मी पाणी दिलं. धाप ओसरल्यावर तिने वाक्य सांगितलं आणि मी ते जसंच्या तसं टाइप केलं.

मजकूर दोन पानांचा होता, पण त्याला महिना गेला. ती एक ओळ सांगायची आणि डोळे मिटून पडायची... मला वाटायचं, झोपली. मग पुढची ओळ यायची. शेवटच्या परिच्छेदात तिने एक प्रश्न ठेवला: जवळ इतकी थोडी धूळ असताना हा तारा भडकला कसा आणि इतकी वर्षं उजळ राहिला कसा? त्यावर तर्क करू या का, असं मी विचारलं. "नको," ती म्हणाली, "माहीत नाही, एवढंच लिही." लेख पाठवला आणि त्यानंतरच्या आठवड्यात तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथून एका सकाळी फोन आला तो नर्सचा, ती गेल्याचा.

परवा कविताने कळवलं की लेख छापून आला आहे. उषाने काढलेलं धुळीचं मोजमाप तिने नव्याने ताडून पाहिलं. ते बरोबर आहे. आता ते मंद ताऱ्याच्या नावापुढे लिहिलं जातं, आणि कविताकडची मुलं त्या प्रश्नावर काम करत आहेत.