प्रसादाचं रिटर्न येत नाही

आमचा साहेब इंग्रजीत शिव्या द्यायचा आणि मराठीत फसवायचा. इंग्रजीचं मला कधी काही वाटलं नाही. "इडियट", "गेट आउट" ऐकलं की दिवस नेहमीसारखा चाललाय असं समजून मी कामाला लागायचो. पण केबिनमधून "ये रे, बस जरा, चहा घे" असं मऊ मराठी ऐकू आलं की मी सावध व्हायचो. आता काय गळ्यात मारतोय कोण जाणे!

हे नव्वदच्या दशकातलं, दुबईतलं. साहेबाचा धंदा किराणा मालाच्या होलसेलचा. रवा, पोहे, साबुदाणा, डाळी, लोणची. गोडाऊन रास अल खोरला आणि ते सांभाळायला मी. मुदत संपत आलेला माल तो पडत्या भावात उचलायचा. मग पाकिटांवरची जुनी तारीख थिनरने पुसायची आणि नवी मारायची. तो वास माझ्या शर्टात इतका मुरला होता की दार उघडताच बायको विचारायची, "आज तारखा का?" आमच्या घरात मात्र साहेबाच्या मालाचा दाणा येत नसे. बलदियाची, म्हणजे तिथल्या म्युनिसिपालिटीची, गाडी गल्लीत दिसली की साहेबाची बोबडी वळायची. "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, करत कोपऱ्यातले बॉक्स मागच्या दाराने निघायचे आणि हा पुढच्या दाराने "वेलकम, हबीबी" करत हात पुढे करायचा.

बाहेर हाच माणूस म्हणजे मराठी मंडळाचा आधारस्तंभ. गणपतीची पहिली देणगी याची, आरतीला पहिला मान याचा. ऑफिसात तसबिरीला हार घातल्याशिवाय फोन उचलायचा नाही. सगळं सोंग आहे, असं मी बायकोला छातीठोकपणे सांगायचो. ती म्हणायची, "असेल. पण रोज सोंग करायचं म्हणजे कंटाळा येत नाही का माणसाला?"

मग तू तिथे राहिलास कशाला, असं आज कुणीही विचारेल. माझी मुलगीही विचारते, तेही इंग्रजीत. त्याचं उत्तर म्हणजे व्हिसा. माझा व्हिसा साहेबाच्या कंपनीचा, बायको-मुलीचा माझ्यावर. नोकरी बदलायची तर जुन्या मालकाची एनओसी हवी, त्याने लिहून द्यायला हवं की याला सोडायला माझी हरकत नाही. नाही दिली तर व्हिसा रद्द, सहा महिने परत यायला बंदी, मुलीची शाळा अर्ध्यावर, आणि गावी जाऊन काय करायचं हा प्रश्न आ वासून पुढे. म्हणून अबुधाबीच्या एका हॉस्पिटलने मला स्टोअर्स सांभाळायला बोलावलं तेव्हा घरात आम्ही आनंदाचा एक शब्द मोठ्याने काढला नाही. आधी एनओसी, मग पेढे.

साहेबाने ऐकून घेतलं आणि चक्क मराठीत म्हणाला, "देतो की रे. तू घरचा माणूस. तुझं चांगलं झालं तर मला आनंदच. जरा गणपती होऊ दे." दुसऱ्या दिवशी पत्र टाइपही झालं. त्याच्या टेबलावर काचेखाली ठेवलेलं मी रोज बघायचो. सही तेवढी बाकी होती.

गणपतीतल्या शुक्रवारी मंडळाची सत्यनारायणाची पूजा असायची. तिच्या दोन-तीन दिवस आधी केबिनमधून हाक आली, "ये रे, चहा घे."

गोडाऊनच्या कोपऱ्यात रव्याचा एक लॉट पडून होता. त्याला जाळी लागली होती, किडे झाले होते. साहेबाने त्यावर कीड मारायची पावडर टाकायला लावली, मग रवा चाळून घेतला. तरी गोणी उघडली की नाकात झिणझिण्या यायच्या. तो लॉट बघून गोडाऊनमधली पोरंसुद्धा तोंड फिरवायची.

"तो रवा दुकानांत नको पाठवू," साहेब म्हणाला. क्षणभर मला वाटलं, अरे, सुधारला की काय हा! "दुकानातून रिटर्न आला तर नाव खराब होतं. त्यातली एक गोणी पूजेच्या प्रसादाला दे. आपल्यातर्फे."

"साहेब, त्यात औषध आहे."

"अरे, तुपात भाजल्यावर काय राहतंय? अग्नी सगळं शुद्ध करतो." आणि मग हसून, "प्रसादाचं रिटर्न येत नाही." एवढं बोलून त्याने काचेखालचं पत्र बोटाने सरळ केलं. "शनिवारी ये. सही करून टाकू."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. प्रसादाचा शिरा करणाऱ्या बायकांत तीही होती. पोळी लाटता लाटता तिने लाटणं ओट्यावर आपटलं.

"म्हणजे मी माझ्या हाताने ते विष भाजायचं? आणि पोराबाळांना वाटायचं? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मग काय करू? एनओसी..."

"खड्ड्यात गेली तुमची एनओसी!"

पण हे बोलताना तिची नजर मुलीच्या दप्तराकडे गेली आणि तिने लाटणं पुन्हा उचललं. तिलाही ठाऊक होतं काय पणाला लागलंय ते. पोळी तव्यावर करपली तरी दोघांपैकी कुणाला सुधरेना. शेवटी तीच म्हणाली, "दुसरीकडून आणा. चांगला, ताजा. त्याच्या पिशवीत भरा. त्याला काय कळतंय?"

मी दुसऱ्या एका दुकानातून साठ दिरहमला गोणी आणली. "साठ? म्हणजे सहाशे रुपये की हो! त्या मेल्याच्या नावाने!" असं म्हणत तिनेच पैसे काढून दिले होते. साहेबाच्या कंपनीची नवी कोरी पिशवी घेऊन मी त्यात तो रवा भरला आणि औषधाची गोणी मागच्या कचऱ्याच्या कंटेनरमध्ये ओतली. मला खूप हुशारी केल्यासारखं वाटत होतं. प्रसाद स्वच्छ, साहेब खूश, शनिवारी सही. तोंडातून एक शब्द काढायची गरज नाही.

शुक्रवारी संध्याकाळी भाड्याने घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये पूजा झाली. यजमान अर्थात साहेब. सोवळं नेसून, बायकोला शेजारी घेऊन पाटावर बसलेला. त्याआधी तो एकदा आत डोकावला होता, जिथे बायका शिरा करत होत्या. माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, "तोच ना?"

"हो, साहेब."

"खरपूस भाजा हं, वहिनी," तो माझ्या बायकोला म्हणाला. तिने झारा असा काही फिरवला की मला वाटलं आता याच्या डोक्यात घालते.

कथा सुरू झाली आणि मी साहेबाकडे बघत बसलो. प्रसाद न घेता निघून गेलेल्यांवर काय संकटं आली, ते गुरुजी रंगवून सांगत होते. दरवर्षी याच जागी डोळे मिटून मान डोलावणारा साहेब त्या दिवशी सोवळ्याच्या टोकाशी चाळा करत होता. आरती झाली. पहिला द्रोण यजमानांच्या हातात. त्याने तो डोळ्यांना लावला, कपाळाला लावला. मग शेजारच्याशी बोलायला वळल्यासारखं करून शिरा टिश्यू पेपरमध्ये गुंडाळला आणि पाटामागे सारला. त्याच्या बायकोचा द्रोणही त्याने "थांब, आधी सगळ्यांना मिळू दे" म्हणून खाली ठेवायला लावला. हॉलमधली बाकी माणसं बोटं चाटून खात होती आणि हा बघत होता. संताप आला मला. असा संताप मला त्याच्या शिव्यांनी कधी आला नव्हता.

द्रोण वाटायचं काम माझ्या मुलीकडे आणि तिच्या मैत्रिणींकडे होतं. साहेबाची लेक सुट्टीला आली होती, तिचा चार वर्षांचा मुलगा हॉलभर धावत होता. माझ्या मुलीने त्याच्या हातात द्रोण दिला. आजोबांना दाखवायला तो पळत पाटाशी आला आणि त्यांच्या समोर उभं राहून त्याने मूठभर शिरा तोंडात कोंबला.

साहेब ओरडला. शब्द नव्हता तो, नुसता आवाज. त्याने पोराच्या हातावर असा फटका मारला की द्रोण उडाला आणि शिरा जमिनीवर सांडला. "थूक! थूक ते! थूक!" म्हणत त्याने पोराच्या तोंडात बोट घातलं. पोर घाबरून किंचाळायला लागलं.

"बाबा, काय करताय?" लेक धावत आली.

"गरम... गरम आहे तो. तोंड भाजेल."

माझी मुलगी हातात ताट घेऊन तिथेच उभी होती. ती म्हणाली, "बट अंकल, इट्स कोल्ड."

साहेब पोराचं तोंड उपरण्याने आतून पुसत होता. चेहरा पांढराफटक. त्या पोराचा गुदमरलेला आवाज मला ऐकवेना. एनओसी, काचेखालचं पत्र, मुलीची शाळा, सगळं मला त्या क्षणी आठवत होतं, आठवत नव्हतं असं नाही. तरी मी पुढे झालो आणि म्हणालो, "साहेब, सोडा त्याला. खाऊ द्या. तो रवा आपल्या गोडाऊनचा नाही. मी बाहेरून आणलाय."

मला फक्त त्या पोराला सोडवायचं होतं. पण वाक्य तोंडातून गेलं आणि मग मलाच ते ऐकू आलं. हॉललाही ऐकू आलं. मंडळातल्या एका दुकानदाराने हातातला द्रोण खाली ठेवला. "म्हणजे? तुमच्या गोडाऊनचा असता तर थुंकायला लावला असता का? मग माझ्या दुकानात परवा गोण्या टाकल्यात त्या कुठल्या?"

साहेब पाटावरून उठला. नातवाला कडेवर घेतलं आणि सोवळ्यातच, चपला न घालता, तो बाहेर गाडीकडे गेला. त्याची बायको आणि लेक मागोमाग गेल्या. पाटामागे टिश्यूत गुंडाळलेला शिरा माझ्या बायकोला आवरताना सापडला. तिने तो उचलून सगळ्यांसमोर मधोमध ठेवला.

शनिवारी तो इंग्रजीत बोलला, तेव्हाच मी समजलो की या वेळी फसवणूक नाही. "खलास," आणि मग ऑफिसातल्या टायपिस्टकडे वळून, "कॅन्सल हिज व्हिसा." काचेखाली पत्र नव्हतं. अबुधाबीची नोकरी माझ्यासाठी सहा महिने थांबणार नव्हती, आणि थांबली नाहीच. मुलीने शाळेतून दाखला आणला तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बायको बोलली, पण भांडी खोक्यात भरता भरता, पाठ माझ्याकडे करून. "मी खड्ड्यात म्हटलं होतं खरं," ती म्हणाली. "खड्डा एवढा खोल असेल असं वाटलं नव्हतं." मग माझ्याकडे वळली आणि रडता रडता हसली.

नोकरीभर साहेबाने स्वतःकडे ठेवलेला माझा पासपोर्ट घ्यायला मी शेवटचा केबिनमध्ये गेलो. साहेबाने तो टेबलावर सरकवला. मंडळाने त्याच्या मालावर फुली मारली होती आणि दुकानदार गोण्या परत आणून टाकत होते, रिटर्नने गोडाऊन भरलं होतं. मला वाटलं आता शिव्या येतील. मी तयार होतो.

"बस," तो म्हणाला. मराठीत. मी बसलो नाही.

"अरे, तू रवा बदललास ते मला आधी कानात सांगायचं होतंस ना रे," तो म्हणाला. "यजमान मी. पूजा माझ्या हातची. आणि माझ्याच तोंडात प्रसाद गेला नाही."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते सोंग नव्हतं. मला हसावं की त्याच्या कानाखाली काढावी ते कळेना. इतकी वर्षं मी त्याच्याकडे काम केलं, त्यात तो माझ्याशी मराठीत खरं बोलला ते एवढं एकदाच. मी पासपोर्ट उचलला आणि घरी गेलो. बायको खोकी बांधत होती.